नामदेवच्या पंधरा गोळ्या

२१ ऑक्टोबर १९८३
साठातलं एकतिसावं इंजेक्शन. बसताना जपून बसावं लागतं. खोकला गेला, ताप गेला, वजन दीड किलो वाढलं. आक्काकडे राहतो, ती म्हणते तिच्या भाकरीनं, डॉ. म्हणतात औषधानं. दोघांनाही हो म्हटलं. नामदेवचा ट्रक आज कांदा घेऊन इंदूरला गेला, माझी क्लीनरची जागा रिकामी. डॉ.ना विचारलं, टीबी गेला ना माझा? "तुला बरं वाटतंय. बरं व्हायला दीड वर्ष." दीड वर्ष एका जागी मी शाळेतसुद्धा बसलेलो नाही.

९ नोव्हेंबर
पंचवटीत भाजीबाजारात एक जण तराजू दुरुस्त करत होता. तासभर तिथंच. दवाखान्यात पोचलो तर दुपारची सुट्टी. मागच्या खोलीत डॉ. मांडी घालून बांबूची कामटी तासत बसलेले. मूळचे येवल्याचे, पतंग स्वतः करतात. वाटलं रागावतील. "उशिरा आलायस तर आधी सुई घे, मग हे टोक धर."
धरलं. संध्याकाळपर्यंत धरून होतो.

१९ नोव्हेंबर
इंजेक्शनं संपली. आता रोज एक गोळी, महिन्याची पुडी एकदम हातात. रोज जायची गरज नाही, तरी जातो. पतंग चिकटवायची खळ शिजवायला शिकलो.
कामटी तासताना डॉ. बोलतात. पेशंटसमोर एवढे बोलत नाहीत. "तुझ्या छातीत कोट्यवधी जंतू. त्यातले चार-दोन मुळातच चिवट. औषध अर्धवट घेतलं की मऊ तेवढे मरतात, मग छाती चिवटांची. पुढं तीच गोळी त्यांना शेंगदाणा." पूर्वी चार दिवसांत उतरायचे ते ताप आता हटत नाहीत म्हणे. जो तो सुट्ट्या दोन कॅप्सूल घेतो, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. आक्काकडे तसा डबा आहे.

१८ डिसेंबर
नामदेव भेटला, चहा झाला. तीन आठवडे खोकतोय, संध्याकाळी कणकण. म्हटलं डॉ.कडे चल. "टाइम नाय रं. मालक लय कटकट्या हाय. तुला गुण आला ना? त्यातल्याच दे." नव्या पुडीतल्या पंधरा दिल्या. बिडी, कांबळं, ताट, आमचं सगळं निम्मं निम्मं, मग गोळ्याच का नाही. मी आता एक दिवसाआड घेतो, म्हणजे पुरतील. देऊन छान वाटलं.

५ जानेवारी १९८४
पतंगाला खळ लावता लावता डॉ.ना मीच सांगितलं, ऐटीत. त्यांचा हात थांबला. ओरडले असते तर बरं. "त्याला तपासलंय कुणी? टीबी नसेल तर गोळ्या फुकट. असेल तर पंधरा दिवस त्याच्या जंतूंना तालीम दिलीस. आणि स्वतःच्याही." कागद तसाच सुकून वाकडा झाला. मग म्हणाले, चूक माझीही आहे, पुडी दिली, ती कुणाला वाटायची नाही हे सांगायचं राहिलं.
आता रोज त्यांच्यासमोर गिळायची. माझी थुंकी तपासायला पाठवली. जंतू वाढवून बघतात, कुठलं औषध लागू पडतं ते. सहा-सात आठवडे लागतील.

९ जानेवारी
दवाखाना बंद ठेवून डॉ. मला स्कूटरवर घेऊन लासलगावला. नामदेवला गाठायला. मी लिलावात रमलो, व्यापारी कांदा दाबून बघतात आणि तोंड न हलवता भाव बोलतात. डॉ.नी कॉलर धरून आणलं. नामदेव कालच माल घेऊन गेलेला. त्याचा ओळखीचा हमाल म्हणाला, "खोकतो लय. पण त्याच्याकडं भारी गोळ्या हायेत. मलाबी दोन दिल्या, ढोपरं दुखत्यात माझी."
डॉ. कांद्याच्या गोणीवर बसलेच. मग हमालालाच तपासलं, तिथंच, छाती ठोकून. नामदेवसाठी चिठ्ठी ठेवली.

१४ जानेवारी
संक्रांत. डॉ.ची गच्ची. मांजाच्या फिरकीला ते आसारी म्हणतात, हात लावू देत नाहीत कुणाला. आज मला दिली. मी केलेला पतंग सरळ चढला, डोलला नाही. डॉ.नी तीन कापले, पेशंट ओळखतील म्हणून कानटोपी घालून. आक्कानं तीळगूळ पाठवला होता तो मीच संपवला. फार मजेचा दिवस.
नामदेवचा निरोप नाही.

२ फेब्रुवारी
नामदेव आला. शर्ट अंगावर टांगल्यासारखा. छातीच्या फोटोत डाग निघाला. थुंकी घेतली, तिचाही रिपोर्ट आता दीड महिन्यानं. कुठल्या गोळ्या चालतील ते तेव्हा कळणार, माझं दोन-तीन आठवड्यांत. तोवर डॉ. म्हणाले, इंजेक्शन उद्यापासून, आणखी दोन औषधं जोडीला, ट्रक बंद.
"साहेब, माल भरलाय." मग माझ्याकडं वळून, "तू सांग रं."
"आक्काच्या व्हरांड्यात दोन खाटा मावतात."
"तुझं काय खरं नाय. उद्या कुठली गाडी दिसली का चढशील."
"चार महिने झाले. चढलो का?"
त्यानं खिशातून ट्रकची चावी काढली. चावी मालकाला देऊन चारपर्यंत येतो म्हणाला.
आता साडेपाच. पेशंट संपले, डॉ. आत उगाच कपाट लावतायत. मी पायरीवर. पुलावरून ट्रक येतायत, हॉर्न ओळखीचे वाटतात. तिकडं बघत नाही. चालत येणाऱ्यांकडं बघतोय.