बाजारात विकलेला घडा

लाडके अमोंडी,

तुझे बाबा गेल्यावर मी न्यासुबाआजींकडे मडकी घडवायला शिकू लागले, तेव्हा तू नैरोबीहून फोनवर ओरडलीस, "आई, या वयात चिखलात हात कशाला? माझ्याकडे ये राहायला!"

सुरुवातीची सगळी मडकी भाजताना तडकली. आज मात्र होमा बेच्या बाजारात एका बाईने माझा घडा टिचकी मारून पाहिला.

"कुणाच्या हातचा गं?"

"माझ्या."

लगेच घेऊन गेली. मी धावतपळत घरी आले, दार उघडलं, तर सांगायला कुणीच नव्हतं. मग कोंबड्यांनाच सांगितलं.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर न्यायला येशील, आणि आज माझ्याच्याने नकार देववणार नाही. मला तर उद्या माती आणायला जायचंय.

तुझी,
आई