कुणाचे अण्णा

अण्णा,

मी गाडी घेतली. जुनी, दोन दारांची, बसकी, पळण्यासाठी बनवलेली आणि माझ्या हाती येईपर्यंत पळून पळून दमलेली. तुमच्या गॅरेजच्या शेडमध्ये अशीच एक लाल गाडी आली होती. मागच्या सीटकडे बघून तुम्ही म्हणाला होतात, "इथे माणूस बसवायचा की जेवणाचा डबा?" मी तेव्हाच मनात ठरवलं होतं, मोठेपणी हीच घेणार. पन्नाशीच्या तोंडावर घेतली. तुमचं खरं होतं, मागे माणूस बसत नाही. तिथे मी तुमची पान्यांची पेटी ठेवली आहे.

विकणारा आनेकलचा होता. कन्नडमध्ये म्हणाला, "सण्ण-पुट्ट प्रॉब्लेम इदे मॅडम, अष्टे." किरकोळ आहे सगळं, एवढंच. ते किरकोळ निस्तरण्यात माझे दोन महिन्यांचे रविवार गेले. उजवीकडची काच अर्ध्यात अडकायची. तुम्ही सांगायचात तसं केलं, काच ओढली नाही, तिचा रस्ता साफ केला. रबराच्या खाचेतून वीस वर्षांची माती निघाली आणि काच निमूट वर गेली. डिकीचं झाकण डोक्यावर पडायचं, त्याचे दांडे बदलले. राहिला इंडिकेटर. तो लावला की आतला दिवाच मिणमिणायचा. मी बल्ब बदलला, फ्यूज बदलला, मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघितले. देवनहळ्ळीकडे आमची बिल्डिंग आहे, तिच्या तळघरात पालथी पडून तीन रविवार डोकं खाजवलं, तेव्हा कुठे तुमचं वाक्य आठवलं. "आधी अर्थ बघ." शाळेत बाई कवितेचा अर्थ विचारायच्या आणि मला बॅटरीची काळी वायर दिसायची, इतकं ते वाक्य घरात चालायचं. बघितलं. बॅटरीची काळी वायर, म्हणजे अर्थिंग, बॉडीला जोडतात तिथला बोल्ट सैल होता. पाना अर्धा फिरवला आणि सगळे दिवे शहाण्यासारखे लागले. मला आनंद व्हायला हवा होता. मी पाना हातात धरून तिथेच फरशीवर बसून राहिले.

कारण पूर्वी माझ्या हेब्बाळच्या ऑफिसातही हेच निघालं होतं. तुम्हाला आठवत असणारच. माझे साहेब पुण्याचे, नुकतेच इथे आलेले, आणि त्यांची गाडी पार्किंगमध्ये चालू होईना. मीच मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "माझ्या ओळखीचे एक आहेत, बोलावते." ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं, वडील ऑटोमोबाइल लाइनमध्ये आहेत. खोटं नव्हतं. तुम्ही अर्ध्या तासात स्कूटरवरून आलात, तोच करड्या रंगाचा शर्ट, खिशात टेस्टर. मी हाक मारली, "अण्णा, इकडे या." आपल्या घरात अण्णा म्हणजे वडील. पण या गावात रिक्षावाला अण्णा, नारळवाला अण्णा, गॅरेजवाला तर अण्णाच. शिवाय तुम्हाला अहो-जाहो करायची आपली पद्धत, तीही माझ्या कामी आली. साहेब खूश होऊन म्हणाले, "अगं, हे मराठी बोलतात? सही! आणि तुम्ही लोक सगळ्यांनाच अण्णा म्हणता ना इथे?"

तिथे एक वाक्य पुरलं असतं. 'हे माझे वडील.' तीन शब्द. माझ्या टीममधले चौघे उभे होते, तुमच्या नखांत ग्रीस होतं, आणि मी हसून म्हणाले, "हो ना. हे इथलेच, जुन्या ओळखीचे आहेत."

तुम्ही बॉनेटमधून डोकं वर काढलं नाहीत. पाना फिरवलात, साहेबांना म्हणालात, "अर्थ सैल होता सर, आता स्टार्ट करा." गाडी चालू झाली. साहेबांनी तुमचा नंबर मागितला, तुम्ही सांगितलात. मग फडक्याला हात पुसत माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "सरी मॅडम, येतो." सरी, म्हणजे बरं.

मॅडम. त्यात टोमणा असता तर मी भांडले असते, निदान रडले तरी असते. टोमणा नव्हता. मी जे नाटक उभं केलं होतं त्यात तुम्ही तुमचं काम नीट केलंत, दुसऱ्याची गाडी करता तितकंच नीट. त्या दिवशी घरी जेवताना आईने विचारलं, "कसं आहे हो हिचं ऑफिस?" तुम्ही सारात भात कालवत म्हणालात, "लई काचा. पण लेकीला मान आहे तिथे." मी मान खाली घालून जेवत होते. तुम्ही मला ताक वाढलंत.

मी बारा वर्षांची असताना एका गाडीच्या चाकाचे नट आवळायला तुम्ही मला दिले होतेत. खेळायला पळायचं होतं म्हणून मी एक तसाच ठेवला आणि म्हणाले, झालं. तुम्ही पान्याने तपासलंत. मारलं नाहीत. "सैल असेल तर सैल म्हणून सांग. मी घट्ट करीन. सैल ठेवून घट्ट केलंय म्हणू नको, त्यात माणूस मरतो." यापेक्षा जास्त तुम्ही मला कधी रागावला नाहीत. तुम्ही गेलात त्याआधी दीड महिना हॉस्पिटलमध्ये होतात. मी रोज यायची, औषधांचं बोलायची, उशी सारखी करायची. त्या पार्किंगचं एक दिवसही बोलले नाही. तुम्ही विसरला असाल, अशी माझी सोयीची समजूत होती.

आता मी लेकीसारखी वागते की नाही ते ऐका. दिवे लागले त्या रविवारी शेजारचे रिटायर्ड काका, म्हैसूरकडचे, जवळ येऊन उभे राहिले. कौतुकाने म्हणाले, "यारु हेळिकोट्टिद्दु?" कुणी शिकवलं? मी म्हणाले, "अण्णा." अभिमानाने म्हणाले, शपथ. पण कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. ते म्हणाले, "ओ, तुमचे भाऊ मेकॅनिक आहेत?" आणि बघा, आता साहेब नाहीत, टीम नाही, माझ्याही नखांत ग्रीस आहे, कुणाची भीती म्हणून नाही, आणि माझ्या तोंडून निघालं, "हौदु." हो.

हे पत्र पेटीत पान्यांच्या खाली ठेवणार आहे. पाकिटावर नुसतं 'अण्णा' लिहिलं तर या गावात अर्ध्या लोकांनी उघडायला हवं, आणि 'माझे वडील' लिहायला घेतलं तर पेन अडतं. काल काकांनी लिफ्टमध्ये परत विचारलं, अण्णा कधी येणार, त्यांच्याही गाडीचा दिवा मिणमिणतो. मी सांगितलं, ते बाहेरगावी असतात.

सैल आहे, अण्णा. अजून सैलच आहे.