उरलेल्या गोळ्या

नागपूर

प्रिय मेघा,
जयभीम.

यांच्या टायफॉईडवर नेहमीची औषधं चालत नाहीत, असा रिपोर्ट आला. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनीच जंतू असे सरावतात. तू पर्समधून उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आणायचीस, "भाऊजीले दे वं ताई, फेकतं काहून?" हे दोन गोळ्या घ्यायचे आणि बरं वाटलं की थांबायचे.

आता सलाईनमधून शेवटचं, भारी औषध चालू आहे. दुपारभर खिडकीचा पडदा हलतो. ग्लानीत हे भिवापूरच्या वाळत्या मिरच्यांवरून अनवाणी चालतात, पाय पोळत नाहीत म्हणतात. हात धरून बसल्या बसल्या मलाही सगळी खोली लाल दिसू लागते.

आत्ता डोळे उघडले, पाणी मागितलं. म्हणाले, "मेघाच्या गोळीनंच ताप उतरला वं."

हे पत्र आता टाकत नाही, फोनच करते. तू ये. आधी तुझी पर्स रिकामी करीन, मग गळ्यात पडेन.

तुझी ताई,
नंदिनी