रेवेवरची निर्गुडी

४ ऑगस्ट
शेजारच्या हॉटेलवाल्याने त्याच्या जागेतली, किनाऱ्याच्या रेवेवरची निर्गुडी साफ केली. पाहुण्यांना खुर्चीत बसून समुद्र दिसला पाहिजे म्हणे! गुडघाभर झुडपं ती, कुणाच्या डोळ्यांआड येतात? निळी फुलं धरली होती. कापणाऱ्या बेळगावच्या माणसाला झापलं. "बाई, मी नाही कापलं तर दुसरा कापंल." त्याच्यावर ओरडून काय उपयोग.

११ ऑगस्ट
उधाण. त्याच्या बाजूची रेव निम्मी गेली. आमच्यासमोर निर्गुडी आहे, तिथली जागच्या जागी. मागेच आमची विहीर, गोड्या पाण्याची; रेव गेली की तीही खारट. हॉटेलवाला पुन्हा आला. "आंटी, ये भी निकाल दें?" माझ्या हातात कोयता होताच. म्हटलं, निकाल के देख. हे हसत सुटले. मला नाही हसू आलं.

२६ ऑगस्ट
उद्या चतुर्थी. माटोळी बांधायला कोरगावहून सुरेश भावजी आले, ह्यांचे धाकटे भाऊ. गणपतीवर टांगायला रानातली फळं, वेली पोतंभर. यंदा स्पर्धेत नाव दिलंय, दुर्मिळ झाडपाल्याला जादा गुण. मी नेवऱ्या तळत होते. बाहेर येऊन बघते तर माटोळीत मधोमध निर्गुडी. मुळासकट!
"वैनी, हें कोणाच्याच माटोळीत आसचें ना. पयलो नंबर आमचोच!"
रेवेवर जाऊन आले. नुसते खड्डे. एक ठेवली नाही मेल्याने. भावजींवर तुटून पडले. सणाचं घर म्हणून सासूबाईंनी गप्प बसवलं.

२७ ऑगस्ट
हॉटेलवाला दर्शनाला आला. प्रसाद खाल्ला, वर बघून हसला. "आंटी, आपने तो खुद उखाड़ दी." थोबाडीत बसल्यासारखं झालं.
परीक्षक यायच्या आधी स्टुलावर चढले, सगळी निर्गुडी खाली ओढली. सासूबाई किंचाळल्या, "देवाचें काडटा गो? विसर्जनाआदीं?" भावजींना नंबराचं पडलेलं.
परीक्षकांनी विचारलं, मध्ये रिकामं का? म्हटलं, चला, रेवेवर दाखवते. बुटांत रेव जाईल म्हणून कोणी आलं नाही.

३० ऑगस्ट
त्याच खड्ड्यांत परत रोवलीय. पानांनी मान टाकलीय. धरेल, न धरेल...
घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. बरंच आहे. विहिरीचं पाणी चाखलं, अजून गोड. पुनवेचं उधाण यायचंय.
कोयता दाराशीच ठेवलाय. हॉटेलवाल्याला सांगितलंय. भावजींनाही.