सरदार आणि एक गुण

गुरुवार, ४ मार्च

एका गुणावर घोडं अडलं! पुतणीकडच्या गुरुवारच्या फाशांच्या खेळात वर्षभर ज्या सरदाराच्या मागे आम्ही धावतोय, तो आज समोर उभा. माझ्या पात्राच्या हातात बंदूक. नेम लागायला सतरा हवेत. वीस बाजूंचा फासा पडला चौदा. पात्राला बसवलेल्या यांत्रिक डोळ्याचे दोन, बंदुकीवरच्या दुर्बिणीचा एक — झाले की सतरा!

पुतणी म्हणे, "काका, दोन्ही नाही मिळायचे. मोठं असेल तेच धरायचं." म्हणजे सोळा. म्हणजे सरदार जिवंत! गोष्ट सांगणारी ती, न्यायाधीशही तीच. सोबत खेळणारे नर्सबाई आणि पोस्टमन घड्याळाकडे बघू लागले. निकाल पुढच्या गुरुवारी.

रविवार, ७ मार्च

नियमांचं पुस्तक घरी आणलं. तीनशे पानं इंग्रजीत, मांडीवर शब्दकोश. "नेमाची दोन साधने असल्यास मोठ्याचाच लाभ घ्यावा." बरं. पण डोळा साधन कसा? डोळा छापलाय 'शरीर' प्रकरणात, मूत्रपिंडाच्या शेजारी! दुर्बीण 'हत्यारां'त. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ यंत्रावर काढली मी. हातात मापक होतं म्हणून डोळे मिटून काम केलं का?

सोमवार, ८ मार्च

पुतणीला फोन. "काका, तो डोळा कारखान्यात बनलाय. साधनच." म्हटलं, माझी कवळीही कारखान्यातच बनली, मग मी काय अवजाराने जेवतो? खो खो हसली. पण ढिम्म हलली नाही! हट्ट आमच्याच घराण्याचा, बोलणार कुणाला.

गुरुवार, ११ मार्च

जिंकलो! अगदी शेवटच्या तक्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: "बसवलेले अवयव साधनांत मोजू नयेत." पुतणीने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "ठीक आहे. लागली गोळी. मेला सरदार. खेळ संपला." पोस्टमनने मला मिठीच मारली. नर्सबाई म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे! आता गुरुवारी मी मस्त झोपणार."

पुतणी एकेक फासा पुसून डबीत ठेवत होती. हरल्याचा राग असेल. असू दे!

शुक्रवार, १२ मार्च

छाती अजून फुगलेलीच.

गुरुवार, १८ मार्च

संध्याकाळी पाय आपोआप तिच्याकडे वळले. टेबलाभोवती चार खुर्च्या मांडलेल्या. "हात गेले सवयीने," म्हणाली. एकटी राहते, काम घरूनच. आठवडाभरात माझ्याआधी दारात कुणी आलं नव्हतं.

"नवा खेळ मांड की."

"विचारलं दोघांना. बघू म्हणाले." मग खाली बघत, "काका, तो सरदार तीन महिन्यांपूर्वीच मरायचा होता. मीच काही ना काही खुसपट काढून जगवत होते. तो गेला की तुम्ही सगळे जाणार, माहीत होतं मला."

आणि मी शहाणा भिंग घेऊन तक्ते धुंडाळत बसलो! एवढं नियमांचं पुस्तक वाचता आलं, घरच्या पोरीचं तोंड नाही वाचता आलं.

शुक्रवार, १९ मार्च

सकाळीच तिघांना निरोप धाडला: "माझी चूक झाली. धावताना दुर्बिणीचा गुण मिळत नाही, आणि मी जिन्यावरून धावत होतो. नेम हुकला. सरदार जिवंत आहे. गुरुवारी सात वाजता या."

असा नियम पुस्तकात कुठेच नाही.