सायलीचे गुडघे

मंगळवार, संध्याकाळ

सायलीचे गुडघे काही डोक्यातून जात नाहीत. सातवीतली मुलगी, पण सकाळी परिपाठाला रांगेत उभी राहते ती गुडघे वाकवून, पोक काढून. "सरळ उभी राहा गं," हे माझं रोजचंच. मला आळस वाटायचा. वर्गातही हल्ली उत्तर येत असून हात वर करत नाही, त्यामुळे आणखी चिडचिड.

आज पुन्हा ओरडले, तर तिच्या पुढची रेश्मा वळून म्हणाली, "मॅडम, सरळ उभी राहिली तर तिला पार मागं जावं लागंल की. मग आमी दोघी लांब व्हतो."

रांग उंचीप्रमाणे लावायची, हा नियम आमचाच. पोरगी उन्हाळ्याच्या सुट्टीत झपाट्याने वाढली, तर तिने करायचं काय? आणि वर्गात उत्तर द्यायचं तरी उभं राहूनच, सगळ्यांच्या नजरेसमोर! डी.एड.ला किशोरवयावर पानंच्या पानं लिहिली होती मी. त्यात हे गुडघे कुठे होते?

तासाला सांगून टाकलं, उत्तरं आता बसून द्या. तिसऱ्या प्रश्नाला सायलीचा हात वर आला. उद्यापासून रांगेतही ज्याला जिथे उभं राहायचंय तिथे राहू दे.

शाळा सुटल्यावर दोघी फाटकाबाहेर कंपनीच्या बससाठी थांबलेल्या माणसांमधून चालल्या होत्या. सायली ताठ. रेश्मा जेमतेम तिच्या हनुवटीला लागते.

रोज एवढं वाकत होती पोर.