खोली तशीच आहे

प्रिय भिंगरी,

रविवारी फोनवर तू विचारलंस, माझी खोली तशीच आहे ना? बाबा पटकन म्हणाले, हो तर, तुझी आई रोज झाडते. झाडते हे खरं आहे. पण त्या खोलीत आता एक नर्स भाड्याने राहते, हे आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर बाबा म्हणतात, मी खोटं कुठे बोललो? मी म्हटलं, तुम्ही अर्धं बोललात आणि उरलेल्या अर्ध्यावर मी गप्प बसले. मिळून एक अख्खं खोटं झालं.

तुझ्या प्रवेशाच्या वेळी आपण तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो होतो, आठवतं? फीसाठी बँकेचं कर्ज, ड्रॉइंगच्या सामानाला माझ्या शिकवण्या. तू विचारलंस, हॉस्टेल आणि मेसचं काय, तेव्हा बाबा छातीठोकपणे म्हणाले, ते माझ्याकडे लागलं. त्यांच्याकडे तेव्हा त्या आश्वासनापलीकडे काही नव्हतं. खोली भाड्याने द्यायची कल्पना माझी. आठवडाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत, मग एका सकाळी स्वतःच जाऊन त्या खोलीच्या दारासाठी नवी कडी घेऊन आले.

तिला आम्ही सिस्टरच म्हणतो. तिची कायम रात्रपाळी. सकाळी येते, दिवसभर झोपते, अंधार पडायच्या सुमारास निघते. त्यामुळे दिवसा घरात चिडीचूप. मिक्सर ती यायच्या आत फिरवून घ्यायचा. बाबा फोनवर चक्क कुजबुजतात. इतकी वर्षं घसा फोडून मला जे जमलं नाही, ते एका भाडेकरणीने न सांगता करून दाखवलं. तुझे कपडे माझ्या कपाटात आहेत, माझे बाबांच्या, आणि बाबांचे कुठे ते विचारू नकोस. तू पेन्सिलने शहर काढलंस ना, त्या भिंतीवर तिला कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा होता. मी नको म्हटलं. नंतर दिवसभर मनात घोळत राहिलं, भाडं घेतो तर ती भिंत तिचीच नाही का?

तुला हे कळवायचं नाही असं आमचं ठरलं होतं. कळलं की तू मेसमध्ये एक वेळ कमी जेवशील, हे मला ठाऊक आहे. पण रविवारी तू खोलीबद्दल दोनदा विचारलंस आणि मी का गं म्हटल्यावर म्हणालीस, सहजच. तुझं ‘सहजच’ मी ओळखते. पाचवीत असताना तू नवे बूट केवढ्याला येतात असं सहजच विचारलं होतंस, आणि टाचांवरचे फोड मला त्यानंतर महिन्याने दिसले.

म्हणून लिहिते आहे. तुला कॉलेज सोडून घरी यायचं आहे का? असेल, तर ही खोली गेली म्हणून तिथे थांबू नकोस. आणि आईबाबांनी तुझ्यासाठी खोली भाड्याने दिली म्हणूनही थांबू नकोस. हे लिहितानाही शंका येतेच, की मी तुला मोकळं करते आहे की आणखी बांधते आहे. पण मी सांगितलं नसतं आणि तू चुकीच्या हिशेबावर निर्णय घेतला असतास, तर ते जास्त वाईट. सिस्टरशी मी बोलले आहे. तिला महिनाभरात हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये जागा मिळू शकते. कर्जाचं आम्ही बघू, ते ओझं आम्हाला न विचारता डोक्यावर घेऊ नकोस. आणि सोडायचं नसेल, नुसतीच घरची आठवण येत असेल, तरी या शनिवारी ये. हे सिस्टरनेच सुचवलं: रात्री तिचा पलंग रिकामाच असतो. मी चादर बदलून ठेवते.

तुझीच,
सध्या हळू आवाजातली, आई